पाचवा शनिवार

आमच्या शेजारचा हा गृहस्थ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. पगार दर शनिवारी. पहिला शनिवार घरभाड्याचा, दुसरा किराण्याचा, तिसरा लाइटबिलाचा आणि चौथा पोरांच्या फीचा. या वाटणीचा त्याला राज्य चालवल्यासारखा अभिमान. पाचवा शनिवार मात्र मोकळा, म्हणजे त्याच्या मते फुकटचा. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की दिवाळी कधी आहे हे बघायच्या आधी तो पाच शनिवारांचे महिने शोधतो.

मी शाळेत शिकवते. माझी त्याला कीव येते. "तुमाला महिन्यातनं एकदाच पगार, मॅडम. तुमच्यात पाचवा शनिवार न्हाईच की!"

मागच्या महिन्यात, ऐन किराण्याच्या आठवड्यात, त्याच्या बायकोची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म फुगला. डॉक्टरकडं घेऊन जा म्हटलं, तर हा शांतपणे म्हणाला, "दाढ पाचव्या शनिवारात बसवलीय. जरा दम धरायचा की."

तिनं दाढेखाली लवंग धरून दम धरला. पाचवा शनिवार आला, पगार झाला, आणि रविवारी सकाळी हा पिशवीभर मटण घेऊन आला. दुपारी मला वाटी द्यायला आला, तेव्हा ती मागं दारात उभी होती, गालाला फडकं बांधून. रस्सा तिनंच केला होता. तिला मात्र घासभरही चावत नव्हतं.

"लई भारी झालंय, मॅडम. खाऊन सांगा की."

मी काही बोलायच्या आत तीच नवऱ्याकडं बघत अर्ध्या तोंडानं बोलली, "आता एकदा तुमची दाढ दुखू दे. मग बघू, कितवा शनिवार लागतोय."