करडईचा घाणा आणि ईसीजीची रेषा

“यातलं हृदय दाखवा मला,” म्हणत डॉक्टर जाधव मॅडमनी ईसीजीची पट्टी माझ्या हातात दिली. कागदावर रेषा नव्हतीच. जाडजूड काळं गवत उगवल्यासारखं दिसत होतं.

उदगीरला मॅडमचा दवाखाना आणि बसवराजअप्पांचा करडई तेलाचा घाणा यांच्यात एकच भिंत. घाण्याच्या मोटारीला आमच्या कंपनीचा ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी पेटी; तक्रार आली की ती बघायला मी जाते. लाकडी घाणा हळू फिरला तर तेल चांगलं निघतं. पण ही पेटी मोटारीला वीज सरळ देत नाही, बारीक तुकडे करून देते. त्यातून विजेचा गोंगाट होतो आणि वायरींतून शेजारच्या मशीनपर्यंत जातो.

आधी मॅडम ईसीजीपुरता घाणा थांबवायला सांगायच्या, अप्पा थांबवायचे. मग एकदा छातीत दुखणारे एक आजोबा आले तेव्हा अप्पा लग्नाला गेलेले. कामगारानं घाणा थांबवला नाही. मॅडमनी काही न कळताच पेशंट लातूरला पाठवला. आजोबा वाचले, पण शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं. आता दोघंही माझ्याशीच भांडत होते.

“ताई, नवा चोक आनून लावला की मी,” अप्पा म्हणाले. “आता आनी काय लावू?”

चोक म्हणजे रिअ‍ॅक्टर, तारेचं जाड वेटोळं. तो सप्लायमधले झटके अंगावर घेतो, ड्राइव्ह वाचवतो. मोटार पेटीपासून फार लांब असेल तर मोटारीच्या बाजूला वेगळा फिल्टर लागतो, नाहीतर मोटार जळते. आणि गोंगाटाला नॉइज फिल्टर.

“अप्पा, खोकल्याचं औषध घेऊन गुडघेदुखी थांबत नसते.”

मी पुण्याला साहेबांना फोन लावला.

“नॉइज फिल्टर ड्राइव्हसोबतच पाठवलाय,” साहेब म्हणाले. “केस क्लोज करा.”

“सर, फिल्टर आहे आणि नॉइजही आहे.”

“मग डॉक्टरांचं मशीन खराब असेल.”

फोन ठेवला आणि घाण्यावर जाऊन ड्राइव्हचं पॅनल उघडलं. फिल्टर जागेवर होता. त्याची अर्थिंगची हिरवी वायर मात्र कापून, टेप गुंडाळून लोंबकळत ठेवलेली. पॅनलच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर दिवा लागला.

“ही कुणी कापली?”

“मीच,” अप्पांचा वायरमन गणपत म्हणाला. “ती लावली की मेनचं स्विच पडायचं. कापली तवापासून मस्त चालू हाय.”

मी कपाळाला हात लावला. हा फिल्टर गोंगाट जमिनीत सोडतो. त्यामुळे थोडा करंट अर्थिंगमध्ये जातोच. शॉकपासून वाचवणारं मेनचं स्विच फार नाजूक असेल तर त्याला वाटतं, माणूसच चिकटला. म्हणून ते पडतं. वायर कापल्यावर फिल्टर नावापुरता राहिला आणि वरून तोच करंट पत्र्यात उतरला.

“या पत्र्याला कुणी ओला हात लावला असता म्हणजे?”

अप्पांचा चेहरा उतरला. “आमची सून इथंच तेल गाळती,” ते हळूच म्हणाले.

मी घाणा बंद ठेवायला लावला. मूळ अर्थिंग शोधली, तर ती नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली. तो पाइप पुढं नंतर कधीतरी प्लास्टिकचा केलेला. मग नवीन अर्थिंगचा खड्डा घेतला आणि हिरवी वायर त्याला जोडली. ड्राइव्हच्या लाइनला एवढ्याशा करंटनं न पडणारं वेगळं स्विच बसवलं, घाण्याच्या बाकी लाइनला नाजूक स्विच तसंच ठेवलं. गोंगाट बाहेर फुटू नये म्हणून मोटारीची केबल बदलून जाळीचं आवरण असलेली टाकली.

घाणा चालू केला. आता ईसीजी कुणाचा काढायचा? दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावर आडवी झाले. मॅडमनी हातापायांना क्लिपा लावल्या. भिंतीपलीकडे घाणा कुरकुरत होता. पट्टी सरसर बाहेर आली.

“रेषा स्वच्छ आहे,” मॅडम म्हणाल्या. “ठोके मात्र फार जोरात आहेत तुमचे.”

“सकाळपासून तुम्हा दोघांच्या मधे उभी आहे.”

त्या हसल्या. दारातून अप्पाही हसले. साहेबांनी केस क्लोज केली.

कुठं चोक लावायचा आणि कुठं फिल्टर, हे दोन दिवसांत शिकवता येतं. चालणाऱ्या पॅनलमधलं काही कापू नये, हे शिकवायला अजून मला जमलेलं नाही.