पेशींच्या नावाची मूठ

आमच्या रंजनाताईंचं अजून लग्न झालेलं नाही, पण घरात सगळ्यांत जास्त लेकुरवाळ्या त्याच. माझ्या या नणंदबाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवतात. चलथाणच्या साखर कारखान्यातून उसाची चिपाडं आणायची, धुऊन-उकळून त्यांची पातळ जाळी करायची आणि तिच्यावर पेशी रुजवायच्या. भाजलेल्या माणसाला पुढेमागे नवी कातडी मिळावी, असा बेत. या पेशींना दिवसाआड ताजं गुलाबी पाणी लागतं, तेच त्यांचं जेवण; उबदार पेटी लागते, आणि त्यांच्याजवळ कोणी शिंकलेलं चालत नाही. मला दोन मुलं आहेत. त्यांचे इतके लाड मी कधी केले नाहीत.

दोनदा पेशींना बुरशी लागली. दोन्ही वेळा ताई न जेवता झोपल्या. शेवटी ताईंचे मार्गदर्शक सर म्हणाले, ही खेप सोमवारपर्यंत जगली नाही तर हा विषय सोडा. म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

आणि रविवारी नेमकी आमची कानबाई. सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, दोन पिढ्या गेल्या, तरी खानदेशातली ही देवी श्रावणात आमच्या डिंडोलीच्या घरी बसतेच. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढतात, आणि रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. मुठी पडेपर्यंत माझ्या सासूबाई, पुष्पाबाई, कोणाला घराबाहेर पडू देत नाहीत.

ताई चपला घालून दारात उभ्या. “माय, जाऊ दे वं. त्या उपाशी मरतीन.”

“कितल्या शेतस?”

“लाखो.”

सासूबाईंनी गव्हाच्या डब्यात वाकून पाहिलं. त्या खरंच अंदाज घेत होत्या. मग “सगळ्यासनी एक,” म्हणून त्यांनी मूठ टाकली.

निंबाकाका, म्हणजे माझे चुलत सासरे, कुळाचाराच्या बाबतीत फौजदारच. ते उठलेच. “वैनी, त्या आपला कुळन्या शेतस का?”

ताईंना खोटं बोलता येत नाही. पेशी दवाखान्यातल्या कुणा अनोळखी माणसाच्या कातडीच्या आहेत, हे त्यांनी सांगूनही टाकलं. मी कपाळाला हात लावला.

“वाढाव्या कोनी?” सासूबाईंनी विचारलं. “आपली रंजनानी. मंग आपल्याच.” आणि त्यांचा हात पुन्हा डब्यात गेला. “पोरेसनी मूठ व्हयनी. त्यास्नी मायनी नको?”

आमच्यात मुलीच्या नावाची मूठ काढत नाहीत; ती उद्या दुसऱ्या घरी जायची.

ताईंनी चपला काढल्या. “दळण व्हवू दे,” म्हणाल्या, “तासभर तग धरतीन त्या.” सकाळपासून मरायला टेकलेल्या पेशी! एरवी मी चिडवलं असतं, पण मलाच रडू येत होतं.

सोमवारी दुपारी ताईंचा फोन आला. निंबाकाकांनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

“जगन्यात का आपल्या?”

पलीकडून नुसते हुंदके. काका घाबरले.

“जगन्यात,” ताई कशाबशा म्हणाल्या. “सर म्हने, विषय चालू ठेव.”

काकांनी घसा खाकरला. “मंग लवकर घर ये. तुनी मुठना रोट कोन खाई?”