मामांची इंग्रजी श्रीमंती

मामांच्या गावाहून, कुरुंद्याहून आलेल्या माणसानं आमच्या ओट्यावर टेकताच डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, तेव्हाच मला कळलं. उन्हं अंगणात उतरली होती, बायको उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि तो काही बोलायच्या आधीच माझ्या नाकात शिजत्या हळदीचा वास आला. हळद शिजवायचे दिवस अजून लांब होते... पण मामा म्हटलं की मला आधी तो वास येतो, मग माणूस दिसतो. तापानं गेले, म्हणाला. फार तकलीफ झाली नाही, असंही म्हणाला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी मधेच वाटतं, तो निरोप दुसऱ्याच कुणाच्या मामांचा असावा आणि चुकून आमच्या ओट्यावर आला असावा.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. तरुणपणी ते सिकंदराबादला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कारकून होते. तिकडून परत येताना लोक कापड आणतात, भांडी आणतात. मामांनी इंग्रजी आणलं, आणि तेही एकाच विषयाचं. साहेबाकडं संध्याकाळी चहाला माणसं जमत आणि जो आलेला नसेल त्याची ऐपत काढत बसत. सहीसाठी दाराशी ताटकळलेले मामा ते सगळं कानात साठवत. गोरा माणूस कुणाला सरळ श्रीमंत म्हणतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तो म्हणतो वेल-ऑफ, तो म्हणतो वेल-टू-डू. फारच झालं तर मेड ऑफ मनी, म्हणजे अख्खा माणूसच पैशाचा बनवलेला. हे सांगताना मामा स्वतःच्या दंडाला चिमटा काढून बघत आणि मान हलवत, की नाही बुवा, मी मातीचाच.

लहानपणी उन्हाळ्याच्या तोंडाला मी आजोळी असायचो. मळ्यात हळद शिजवायची मोठी कढई, काहील, चुलीवर चढलेली असायची, वरून पाला झाकलेला, आणि त्यातून निघणारी वाफ बांधापर्यंत जाऊन तिथंच रेंगाळायची. त्या वाफेत आंब्याचं झाड दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. मामा बाजेवर पडून गावातल्या एकेका घराला इंग्रजी नाव देत. वाड्यावरचे देशमुख रोलिंग इन मनी. ‘पैशात लोळतो आपन म्हंतो ना, तेच. गोऱ्याला बी लोळावंच वाटतं,’ असं ते म्हणत. वेल-हील्ड म्हणजे ज्याच्या जोड्याची टाच झिजलेली नाही असा माणूस. ते ऐकल्यावर मी गावभर लोकांच्या पायांकडं बघत हिंडलो आणि परत येऊन सांगितलं की बहुतेकांच्या पायात जोडाच नाही. मामा इतके हसले की बाज करकरली. मग मी विचारलं, आपण कोण? ‘कम्फर्टेबल,’ ते म्हणाले. ‘म्हंजे खाऊनपिऊन सुखी. आलेल्या मान्साला चहा मिळतो, अन् त्याच्या जाण्याची घाई न्हाई.’

हा शब्द पुढं माझ्या आयुष्यात भलत्याच वेळी आला.

माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. सेनगावकडच्या एका घरची मुलगी मी एका लग्नात पंगतीला वाढताना पाहिली होती आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं. हे मी घरात फक्त मामांना बोललो होतो. पुढं त्याच घरातून बोलणं आलं आणि मुलीकडची मंडळी शिरड शहापूरला आमचं घर बघायला यायचं ठरलं. आमच्याकडं घर बघायला येतात म्हणजे गोठा बघायला येतात. दावणीला किती जोड्या आहेत त्यावर सोयरीक उभी राहते किंवा मोडते. आमची एकच जोडी होती. बाबांनी शेजारच्या रामजीचे दोन्ही बैल मागून आणले, शिंगांना तेल लावलं आणि आपल्या दावणीला बांधले. यात कुणाला काही गैर वाटत नसे. रामजीच्या मुलाच्या वेळी आमची जोडी त्याच्या गोठ्यात उभी राहिली होती. मुलीचा चुलता हैदराबादला सरकारी कचेरीत होता, तो इंग्रजी बोलतो असं कळल्यावर बाबांनी मामांनाही बोलावून घेतलं आणि बजावलं, ‘पाव्हनं, तुमच्यापाशी जेवढं मोठं विंग्रजी हाय तेवढं आज भायेर काढा.’

मंडळी आली. मुलीचे वडील अबोल, धोतर गुडघ्यापर्यंत, बसल्या जागेवरून छपराकडं बघत राहिलेले. चुलते मात्र बुटातले, आणि बुटांची टाच अगदी कोरी होती. मामांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. पानसुपारी झाली, गोठा दाखवून झाला. मग चुलत्यांनी इतरांना कळू नये अशा बेतानं मामांना इंग्रजीतून विचारलं की पार्टी वेल-टू-डू आहे का. बाबा डोळे विस्फारून मामांच्या तोंडाकडं बघत होते. मामांकडं त्या वेळी काय नव्हतं? लोळणारे होते, पैशाचे बनलेले होते, चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मलेले होते. मामा शांतपणे म्हणाले, ‘कम्फर्टेबल, साहेब.’ एवढंच. इतकं आखूड उत्तर ऐकून बाबांचा चेहरा पडला, आणि मला वाटलं की मामांनी माझा घात केला.

त्या आखूड उत्तराची भरपाई करायला म्हणूनच की काय, बाबा उठले. दिवस मावळतीला आला होता. जनावरांची चाल पाहुण्यांना दिसावी म्हणून त्यांनी दोन्ही जोड्या स्वतः सोडल्या आणि आडावरच्या हाळावर पाण्याला नेल्या. मंडळी ओट्यावरून बघत होती. चारी बैल पोटभर पाणी प्याले. आमची जोडी वळून गोठ्यात आली. रामजीचे बैल मात्र मान हलवत, घुंगरं वाजवत आमच्या दारावरून सरळ पुढं गेले आणि रोजच्या सवयीनं आपल्या घरी जाऊन उभे राहिले.

बाबा हातात कासरा धरून अंगणाच्या मधोमध उभे होते, आणि आपल्या बापाला इतकं एकटं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चुलत्यांनी मामांकडं मान वळवली. मामा ओट्यावरून उतरले, बाबांच्या हातातला कासरा आपल्या हातात घेतला आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

‘बैल शेजाऱ्याचे हाईत, साहेब. पन शेजारी आमचा हाय.’

चुलते निघायला म्हणून बुटाकडं हात नेत होते. तेव्हा इतका वेळ छपराकडं बघत बसलेले मुलीचे वडील पहिल्यांदा बोलले. ‘शेजारी ज्या घराला बैल देतो, त्या घरी पोरगी द्यायला काहून भ्यावं?’ आणि त्यांनी पुन्हा पानाला चुना लावायला घेतला.

ती मुलगी म्हणजे निरोप आला त्या दिवशी उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी असलेली माझी बायको. तिच्या हातचा चहा मामांना फार आवडे. कप खाली ठेवताना ते दरवेळी एक इंग्रजी शब्द तिला आंदण म्हणून देत आणि ती तो लगेच विसरून जाई.

मग ते लुटालुटीच्या भीतीचं वर्ष आलं. गावंच्या गावं संस्थानाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली, मामाही गेले. परत आले तेव्हा घर होतं, पण जोडी गेलेली होती आणि काहीलसुद्धा कुणीतरी उचलून नेली होती. दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो, तीच शेवटची भेट. बाजेवर पडूनच होते, आवाज खोल गेला होता. कसं काय मामा, विचारलं तर हसले. ‘कम्फर्टेबल हाय रे किसना. च्या घेऊन जा, घाई न्हाई.’ मला तेव्हा ते खरं वाटलं नाही. घर रिकामं आहे आणि मामा शब्दानं झाकून राहिलेत, असं वाटलं. गोठ्यात चांगली तरणी जोडी उभी होती, पण ती शेजारच्या कुंडलिकची आहे हे मला ठाऊक होतं. मामांचं घर भकास दिसू नये म्हणून, ते वऱ्हाडातून परत आल्यापासून, कुंडलिक आपले बैल त्यांच्याच दावणीला बांधत होता.

तेराव्याची माणसं पांगल्यावर मी त्या ओट्यावर एकटा बसून होतो. आत बाज तशीच होती, तिच्या दोरीला अजून हळदीचा पिवळा रंग होता. खूप रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसती झोप आल्यासारखं झालं... संध्याकाळच्या धुळीत झाडं दिसत होती, नाहीशी होत होती. कुंडलिक आला. माझ्याकडं बघून ओशाळला. आता मालकच नाहीत तर बैल आपल्या घरी नेतो, म्हणाला. मी बरं म्हटलं. त्यानं दोन्ही बैल सोडले, आडाकडं नेले. ते पाणी प्याले. कुंडलिक आपल्या घराच्या वाटेला लागून चुचकारत होता, पण बैल वळले, घुंगरं वाजवत मामांच्या अंगणात आले, माझ्या समोरून गोठ्यात शिरले आणि आपापल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

कुंडलिक थोडा वेळ वाटेतच थांबला. मग येऊन त्यानं दोघांपुढं कडबा टाकला.