भानुदासच्या डंपरचा कूलर

तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, पलीकडच्या खोलीत कुणी म्हातारा माणूस खाकरला. पण क्रांती चौकामागच्या आमच्या वर्कशॉपला पलीकडं खोलीच नव्हती. समोर डंपर उभा होता, इंजिन चालू होतं, आणि गिअर बदलताना त्याच्या पोटातून तो आवाज आला होता.

माझी चाळीस वर्षं गिअरबॉक्स खोलण्यात गेली. असल्या गोष्टी कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कामाच्या जागी जुने नटबोल्ट डब्यात साठत जातात, तशा त्या साठतात. त्या एका डंपरच्याच इतक्या आहेत की आज तेवढ्याच सांगतो.

* * *

हा डंपर परदेशी बनावटीचा. पैठणच्या धरणाचं काम संपल्यावर लिलावात निघालेला. त्याला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. असली गाडी तेव्हा आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती. ड्रायव्हर लोक बसायला कचरायचे.

वर्कशॉपचे मालक करीमचाचा, माझे उस्ताद. डंपर दुरुस्तीला आमच्याकडं असला, की सकाळी सुरू करताना तो खाकरायचा, आणि चाचा हातातली चहाची बशी खाली न ठेवता म्हणायचे, "वालेकुम सलाम."

एकदा मी विचारलं, "चाचा, लोखंडाला कशाला सलाम करता?"

"उसने पहले किया ना," चाचा म्हणाले. "जवाब नक्को देऊं क्या?"

* * *

डंपर लिलावात घेतला होता पाचोडच्या भानुदासनं. दगडखाणीवर तो स्वतःच चालवायचा. एका दुपारी भरलेला डंपर चढावर असताना गिअरबॉक्सनं दम सोडला. काय झालं ते बघायला भानुदास उतरून मागं गेला. गाडी घरंगळली. त्याला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही.

दोन महिन्यांनी त्याचा धाकटा भाऊ किसन डंपर ओढून आमच्याकडं घेऊन आला. आम्ही गिअरबॉक्स उघडला. तेल तापून जळालं होतं, आतल्या प्लेटांचा चुरा झाला होता.

किसन माझ्यासमोर उकिडवा बसला. "मिस्त्री, घरात वहिनी हाय, तिची दोन लेकरं हायत. समदं ह्या गाडीवरच चालतंय. मला परत त्याच चढावर जायाचंय. एवढंच सांगा, धरंल का?"

"धरंल," मी म्हणालो. त्याच्या तोंडाकडं बघून दुसरं काही बोलवलंच नाही.

* * *

चाचांचा नियम होता, गिअरबॉक्स नवा केला की कूलरही नवा. कूलर म्हणजे समोरच्या जाळीमागं बसणारा लहानसा रेडिएटर. गिअरबॉक्सचं तापलेलं तेल त्याच्यातून फिरतं आणि थंड होऊन परत येतं. गिअरबॉक्स आतून फुटला की चुरा तेलाबरोबर कूलरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. डिझेलनं कितीही धुवा, सगळा निघत नाही. पुढं तोच चुरा नव्या गिअरबॉक्सला खातो.

किसन मात्र ऐकेना. "ह्यो कूलर दादानं सोताच्या हातानं कथलाचा डाग लावून बसिवलाय. ह्याला बदलायचं नाय."

"भाई गया, अब तू बी जाता क्या?" चाचा म्हणाले.

किसननं कूलरवरचा हात काढला नाही. शेवटी मीच चाचांना गळ घातली. कूलरमधून परत येणाऱ्या पाईपमध्ये एक फिल्टर बसवतो म्हटलं, आत लोहचुंबकही ठेवतो. जे येईल ते फिल्टरमध्येच अडकेल. चाचा तयार झाले, पण पंधरा दिवसांनी फिल्टर आणून दाखवायचा, या अटीवर.

* * *

गिअरबॉक्सचं काम चालू होतं तेव्हा तो कूलर आठ दिवस टेबलावर सुटा पडून होता. थंडीचे दिवस होते. चाचांकडं एक मांजर होती. रात्री शेवटची गाडी बंद झाली की ती त्या गाडीच्या गरम बॉनेटवर जाऊन झोपायची. त्या आठ दिवसांत रोज सकाळी शटर उघडलं की ती कूलरवर झोपलेली दिसायची.

मी मांजर उचलून बाजूला ठेवली आणि कूलरला हात लावला. लगेच काढून घेतला.

चाचांनीही हात लावून पाहिला. मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "चल, चाय पीले."

* * *

डंपर खाणीवर गेला. पंधरा दिवसांनी किसननं पहिला फिल्टर आणला. चाचांनी तो करवतीनं कापला, आतला कागद पेपरवर पसरला. चुरा होता. तो येणारच होता. दुसऱ्या फिल्टरमध्ये कमी आला. तिसरा स्वच्छ निघाला. मला बरं वाटलं.

चौथा कापला, तर कागद काळा. चुरा गच्च भरलेला. चाचांनी चष्मा लावून एकेक कण चिमटीत धरून पाहिला. जळलेल्या प्लेटांचे तुकडे होते ते. नव्या गिअरबॉक्समध्ये एकही प्लेट जळलेली नव्हती.

"पुरानी पेटी अबी मरीच नई," चाचा म्हणाले. गिअरबॉक्सला ते पेटीच म्हणायचे.

किसन हसला. "आमचा दादा कामाला लई चिवट व्हता, चाचा."

चाचा हसले नाहीत. "सुन बेटा. फिल्टर भर गया तो तेल रुकता. तेल रुका तो वहीच चढाव, वहीच हाल."

 किसननं स्वतः पाना घेतला, कूलर उतरवला, डोक्याच्या रुमालात गुंडाळला आणि घरी घेऊन गेला.

* * *

नवा कूलर मी बसवला. गिअरबॉक्समध्ये तेल भरलं, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, बरोबर खुणेपर्यंत होतं.

चूक तिथंच झाली. इंजिन सुरू झालं की थोडं तेल नव्या कूलरमध्ये आणि पाईपांत जातं, गिअरबॉक्समधलं तेवढं कमी होतं. म्हणून गाडी गरम झाल्यावर पट्टी परत बघायची असते. शिकाऊ असल्यापासून मी ती बघत आलो होतो. त्या दिवशी विसरलो.

दुसऱ्या दिवशी किसनबरोबर मीही खाणीवर गेलो. दुपारची वेळ होती. गडी खाली जेवायला बसले होते. भरलेला डंपर चढाला लागला. निम्म्यावर गेलो आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, चाकांचं बळ गेलं. कमी पडलेलं तेल चढावर मागं सरकलं होतं, तेल खेचणारा पंप हवा ओढत होता. मला सगळं कळलं, पण उशिरा.

किसन ब्रेकवर उभा राहिला. वजन इतकं होतं की डंपर मागं सरकायला लागला.

"मिस्त्री, उडी मारा," तो अगदी हळू म्हणाला.

मला दाराची कडी सापडेना. "तू मार रं," मी म्हणालो. त्यानं पाय ब्रेकवरून काढला नाही.

मग एक हिसका बसला आणि डंपर जागीच थांबला.

आम्ही उतरून मागं गेलो. मागच्या चाकाला दगड लावलेला होता. दोन गड्यांना मिळून उचलता येईल एवढा. त्याच्या खालच्या अंगाची माती अजून ओली होती.

चढावर दुसरं कुणी नव्हतं. थोड्या अंतरावर एक म्हातारा मेंढपाळ काठीला टेकून उभा होता. हडकुळा, काठीही त्याला जड वाटावी असा.

किसन त्याच्याजवळ गेला, हात जोडले. "बाबा, ह्यो दगड तुमी लावला का?"

म्हाताऱ्यानं दगडाकडं पाहिलं. मग किसनच्या तोंडाकडं पाहिलं. "न्हाई. तुझ्याच तोंडवळ्याचा गडी व्हता," तो म्हणाला, आणि मेंढरं वळवून चढ ओलांडून निघून गेला.