विमलमावशींनी खोडलेली ओळ

सोमवारी सकाळी बाळाच्या आंघोळीचं पाणी काढून, दार उघडं ठेवून मी बाळाला मालीश करणाऱ्या विमलमावशींची वाट बघत होते. फोन आला त्यांच्या मुलीचा. "ताई, आई गेली. पहाटे छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत..." अहो, शनिवारी तर जिन्यात मला दम लागला म्हणून त्या हसल्या होत्या! महिना झाला, तरी बादलीतलं ते निवत गेलेलं पाणी डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या माहेरी चळवळीची पत्रकं भाकरीइतक्या नेमाने यायची. मी वाचायला शिकले तीही त्यांवरच. बाळंतपणाआधी मीही एक लिहिलं, तान्ह्याच्या पोटदुखीवर. घुटी नको, मध नको, बेंबीवर हिंगाचा लेप नको. आणि शेवटची ओळ : 'मालीशवाल्या बाईला घरात घेऊ नका.' मंडईबाहेर उभी राहून मी ते वाटलं. मग माझंच बाळ रोज संध्याकाळी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन दोन-दोन तास रडू लागलं. डॉक्टरांनी नीट तपासलं. ताप नाही, उलट्या नाहीत, वजन वाढतंय. तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल, म्हणाले. तोवर आईने काय करायचं, हे माझ्या पत्रकात नव्हतं. सासूबाईंनी येरवड्याहून विमलमावशींना बोलावलं, तेव्हा मी दारातच त्यांच्या हातात पत्रक ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं लिहिलंय. आता आत येऊ, की इथूनच मालीश करू?"

घुटी त्यांनी कधीच दिली नाही. दूध झालं की बाळाला खांद्याशी उभं धरून ढेकर काढायच्या, गुडघे हलकेच पोटाकडे दुमडायच्या, रडू लागलं की डाव्या हातावर पालथं घेऊन खोलीभर चालायच्या. तरी काही दिवस ते रडायचंच. एकदा मी किंचाळले, "मला नकोय हे पोर!" त्यांनी बाळ माझ्या हातून काढून घेतलं. "असं झालं की पाळण्यात उताणं ठेवायचं आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. चिडलेल्या हातांत बाळ नको. आणि बाळ रडलं म्हणून आई नापास होत नसते, बाळंतीणबाई. जा, चहा प्या." त्या ओळीची माफी मागायची, हे मी तेव्हाच ठरवलं. मग रोज उद्यावर टाकलं... चौकात घोषणा देणारी मी, एका बाईपुढे दोन शब्द बोलायला घाबरले. त्या सोमवारी मात्र बोलणारच होते.

परवा त्यांची मुलगी आईची पिशवी दाखवायला घेऊन आली. तेलाची बाटली, टॉवेल आणि माझ्या पत्रकांचा गठ्ठा. सासूबाईंकडून मागून नेलेला. "जिथे जाईल तिथे आई एक द्यायची," ती म्हणाली. प्रत्येक प्रतीवर शेवटची ओळ निळ्या पेनाने, पट्टी धरून खोडलेली. बाकी एका शब्दालाही हात लावलेला नव्हता.

पत्रक पुन्हा छापायला दिलंय, त्यांच्याच एका प्रतीवरून. छापखानेवाले म्हणाले, "ताई, ही ओळ काढूनच टाकतो ना?"

म्हटलं, नाही. खोडलेलीच छापा.