आखडेना ती कंडरा आणि घागरे सर

घागरे सरांना मी प्रथम पाहिले ते पांढुर्ण्याच्या कॉलेजातील प्रयोगशाळेत. घरी कांदा-लसूणही न चालणारे हे गृहस्थ बकरीच्या पायातून कंडरा सोडवत होते. कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी पांढरी, चिवट दोरी. मला हसू आले. सरांना आले नाही.

ही दोरी तापत्या पाण्यात धरली की ठरावीक उष्णतेला एकदम आखडते, आणि काही क्षारांच्या दाट द्रावणात त्याहून कमी उष्णतेतच. सरांनी उभी हयात याच अभ्यासात घातली. रोज सौंसरहून बसने यायचे आणि अस्वच्छ परीक्षानळी दिसली की कडाडायचे, "हे काय करून राहिले तुम्ही?"

एम.एस्सी.चा माझा शेवटचा प्रयोगही हाच होता. दुपारी बाहेरचे परीक्षक येणार, आणि कंडरा काही केल्या आखडेना. पाणी तापवले, द्रावण बदलले, ती ढिम्म. नापास झाले तर शिक्षण संपणार होते. घरचे स्थळे पाहूनच राहिले होते. "मागच्या वर्षीचे आकडे भरून दे," मैत्रीण म्हणाली. मला रडू फुटले.

बकरीचे पाय सरांनी स्वतः आणले होते, मुलींना खाटकाकडे पाठवणे त्यांना पटत नसे. उरलेला पाय मी नाकाशी नेला. "सर, हे भाजलेले आहेत. आमच्याकडे रश्श्यासाठी असेच आणतात."

सरांनी कपाळावर हात मारला. "अवो पोरी, मीच म्हटलं त्याले, साफसूफ करून दे! त्यानं केस जाळून, उकळत्या पाण्यात घालून देले असतीन. कंडरा दुकानातच आखडल्या, आता तुह्यासमोर काय आखडतीन?"

परीक्षक आल्यावर सरांनी सारे सांगून टाकले. "चूक माही आहे. नापास करायचं तर मले करा, पोरीचं वर्ष नोका घेऊ." मग भर उन्हात जाऊन ताजे पाय घेऊन आले. परीक्षक थांबले. त्यांच्यादेखत कंडरा आखडली आणि मी पास झाले.

आज मी सरांच्याच विभागात शिकवते. आपल्या पोरीसाठी परक्यासमोर मान खाली घालणारा गुरू मला लाभला, याचा अभिमान आहे. साठी ओलांडणाऱ्या सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजून पुष्कळ पोरींची वर्षे वाचवायची आहेत.