रंभाबाईचं मत

पुलगावात मतिमंद मुलांसाठी दिवसभराचं केंद्र निघणार असं कानावर आलं, तशी रंभाबाई भाजीची पाटी बाजारात नवऱ्यापाशी टाकून थेट बैठकीलाच गेली. तिचा कैलास सव्वीस वर्षांचा. अंगानं दांडगा, समज तीन वर्षांच्या पोराची. आपल्या माघारी याला कोण पाहील, या एकाच घोरानं तिची झोप उडाली होती.

संस्थेच्या माधवीताईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की इथले नियम घरचे लोकच ठरवतील, संस्था मध्ये पडणार नाही. रंभाबाईला ते फार आवडलं. मग सगळ्यांत जास्त तीच बोलली. संडासाची कडी बाहेरूनही काढता आली पाहिजे, झटके येणाऱ्या पोराला भिंतीला लागून निजवू नये, घास भरवताना समोर नाही, बाजूला बसावं. आपापली मुलं घेऊन आलेल्या दुकानदारांच्या बायका कौतुकानं ऐकत. कापडदुकानवाल्या रुचिकाची चौदा वर्षांची रक्षा तर बैठकीला आली की तिच्याच हातून जेवू लागली.

शेवटच्या बैठकीत रुचिकानं हळूच विषय काढला. पोरी वयात आल्यात, मोठे बाप्ये नकोत.

"तो कोणाले मारत नाई, बाई," रंभाबाई म्हणाली. "खुश झाला का हात धरते, इतकंच."

"तेच तर म्हणून राह्यली मी, मावशी."

भराभर हात वर झाले. अठरापर्यंतचीच मुलं घ्यायची, असं ठरलं. माधवीताईंनी ते वहीत लिहून घेतलं.

रंभाबाईला मात्र मुलांचं करायला केंद्रातून रोज बोलावणं येई. आपला पाय आत राहिला तर उद्या लेकाचाही पडेल, म्हणून ती जात राहिली. आधी कैलास गावी भाजीच्या वाडीत तिच्याजवळ बसून मुळे धुवायचा. आता घरी कुणी नसे, तेव्हा त्याचा पाय जुन्या लुगड्यानं बाजेला बांधून ती पुलगावची सकाळची एसटी धरायची.

वर्षानं नियम पुन्हा पाहायला सगळे बसले. रंभाबाई उभी राहिली.

"वरीसभर तुमच्या लेकरायचं हागलं-मुतलं काढलं म्या. आता माह्याले घ्या."

रुचिकानं उठून मायेनं तिचा हात हातात घेतला. "मावशी, कैलास आला तर तुमचं सारं ध्यान त्याच्यातच राहीन. मंग आमच्या रक्षाले कोण पाहीन?"

बाकीच्यांना ते पटलं. मतं घ्यायची वेळ आली तेव्हा रंभाबाईनं हात वर केला. माधवीताईंनी तिला गोड शब्दांत समजावलं, की ज्यांचं मूल केंद्रात आहे त्यांनाच मत असतं.

मग चहा आला. रक्षा तिचा पदर ओढू लागली, तिला भूक लागली होती. रंभाबाईनं हात धुतले, वरणभात कालवला आणि तिच्या बाजूला बसली. कैलास दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसे, आणि गावाकडची एसटी संध्याकाळशिवाय नव्हती.